एक तास पुरे

कड्याखालच्या मैदानात गाडी लावायला आता पैसे पडणार, ही बातमी फुटली तेव्हा सगळ्यात जास्त धाबं कुणाचं दणाणलं असेल तर शिट्टीकाकांचं. पर्यटकांचं काय हो, ते दोन शिव्या घालणार आणि मुकाट्याने भरणार. पण काका बावीस वर्षं त्या मैदानात उभे होते. ना पगार, ना गणवेश, ना सुट्टी. गळ्यात पितळी शिट्टी, डोक्यावर विटकी टोपी आणि जाता जाता लोक खुशीने हातावर ठेवतील ते उत्पन्न. त्यावर घर चाललं, पोरीचं लग्न झालं आणि काकांचे गुडघे वाजायला लागले.

मैदानाच्या टोकाला पायऱ्या होत्या, चारशे बारा. त्या चढून गेलं की कड्याचं टोक, आणि तिथून म्हणे अख्खं खोरं दिसतं. ते बघायला दूरदूरची माणसं यायची. मैदान मात्र एवढंसं. तरीही काका तिथे एकामागे एक अशा तीन रांगा लावायचे आणि कुणाची गाडी कधी अडायची नाही. लोकांना वाटायचं जादू आहे. कसली जादू आणि कसलं काय! गाडीचं दार उघडलं की काका आधी उतरणाऱ्यांच्या पायांकडे बघायचे, मग हातातल्या पिशव्यांकडे, मग तोंडांकडे. उंच टाचेच्या चपला म्हणजे पन्नास पायऱ्या आणि परत. चेंडू आणि सतरंजी म्हणजे तीन तास. नवं जोडपं म्हणजे सूर्य बुडेपर्यंत निघायचं नाव नको. आधी जाणारे पुढच्या रांगेत, रेंगाळणारे मागे. झालं! एवढंच ते शास्त्र, पण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

पालिकेच्या मॅडम आल्या त्या मशीन घेऊनच. मैदानात पांढरे पट्टे मारले, मधोमध एक निळं मशीन रोवलं. किती तास थांबणार त्याचं बटण दाबायचं, पैसे भरायचे, पावती काचेमागे ठेवायची. वेळ उलटली की दंड. दंडाच्या चिठ्ठ्या फाडायला त्यांनी एक निवृत्त कंडक्टर आणला होता. हा कंडक्टर काकांचा जुना दोस्त, पण चिठ्ठीपुस्तक हातात आलं आणि त्याची छाती दोन इंच फुगली.

"काका, रविवारी आपण चाचणी घेतोय," मॅडम म्हणाल्या. बाई तशी सरळ होती, उगाच गोड बोलणारी नव्हती. "मशीनजवळ एक माणूस ठेवायचा की नाही, ते मी संध्याकाळी ठरवणार. पगार, गणवेश, आठवड्याची सुट्टी, सगळं मिळेल. पण मशीन एकटं चाललं, तर माणूस नको. आणि हो, शिट्टी वाजवायची नाही."

"आणि मी करायचं काय?"

"कुणी विचारलं तर सांगायचं."

रात्री काका ताटापुढे बसून मशीनचंच बोलत राहिले. काकू शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या, लोकांचे पडदे शिवत. त्यांनी पायडल थांबवलं आणि म्हणाल्या, "अहो, मशीनला घाबरता? माझ्याकडे बघा, एका मशीनबरोबर तीस वर्षं काढली मी. ते बिचारं सांगू तेवढंच करतं."

"तुझं मशीन तुला घरी बसवत नाही ना!" काका करवादले. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

रविवारी सकाळपासून गाड्या लोटल्या. आता गंमत बघा. माणसाला वाटतं, आपल्याला आपलं कळतं. मशीनपुढे उभा राहिलेला प्रत्येक जण छातीठोकपणे एक तासाचं बटण दाबत होता. "वर जायचं, बघायचं, यायचं, अजून काय!" अहो, चारशे बारा पायऱ्या! अकरा वाजेपर्यंत कंडक्टरच्या चिठ्ठ्यांचं अर्धं पुस्तक संपलं, आणि साडेअकराला भांडणं सुरू झाली. एका गृहस्थाने दंडाची चिठ्ठी चुरगाळून मशीनवरच फेकली. एका बाईंनी कंडक्टरच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मॅडम सगळ्यांना समजावून समजावून घामाघूम झाल्या.

काका पायरीवर बसून हे बघत होते. विचारल्याशिवाय बोलायचं नाही ना, मग नाही. शेवटी एक गाडी आली. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं, एक चेंडू. मुलाने एक तासाच्या बटणावर बोट ठेवलं, आणि काकांना राहवलं नाही.

"साहेब, तीन तास घ्या."

"का? तुमचं कमिशन आहे वाटतं?"

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. तरी त्यांनी आवाज चढवला नाही. "आजी वर जाणार नाहीत, त्या या झाडाखाली बसतील. तुम्ही वर जाणार. धाकटी दमणार, तिला कडेवर घ्यावं लागणार. खाली आलात की चेंडू निघणार. बघा बुवा, मी आपलं सांगितलं."

आजी खुदकन हसल्या. "अरे, घे तीन तास. हा माणूस आपल्या घरात राहिल्यासारखा बोलतोय."

मॅडम मागेच उभ्या होत्या. काकांना वाटलं, संपलं आता. पण त्या म्हणाल्या, "काका, इकडे या. पुढच्या वीस गाड्यांचं मला हळूच सांगायचं. त्यांना नाही, फक्त मला."

मग काका कुजबुजत राहिले आणि मॅडम गाडीचा नंबर आणि वेळ फोनमध्ये टिपत राहिल्या. दीड तास. चाळीस मिनिटं. चार तास, त्या पोराच्या पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी आहे बघा. वीस मिनिटं, यांचं गाडीतच बिनसलंय. आपलं सगळं आता या कुजबुजीवर आहे, हे काकांना पक्कं कळत होतं. ते हात मागे बांधून उभे राहिले.

संध्याकाळी मॅडमनी पडताळून पाहिलं. वीसपैकी अठरा बरोबर.

"आणि ही दोन?"

"एकाची गाडीच सुरू होईना. ती गाडीची चूक, माझी नाही," काका म्हणाले. "दुसऱ्याचं मात्र चुकलं. तो मला लेखक वाटला होता, म्हटलं बसेल विचार करत. निघाला विमा एजंट."

मॅडम त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "उद्यापासून मशीनजवळ तुम्ही. बटण दाबायच्या आधी लोकांनी तुम्हाला विचारायचं, तशी पाटीच लावते. सुट्टी बुधवारी." मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "पण काका, वर असं आहे तरी काय? लोक इतके का रेंगाळतात?"

"कोण जाणे. मी कुठे गेलोय वर!"

"बावीस वर्षांत एकदाही नाही?"

"गाड्या कुणी बघायच्या?"

काकांना ते बोलून झाल्यावर कसंनुसं झालं. काकू पूर्वी दरवर्षी म्हणायच्या, एकदा मला वर न्या हो. काकांचं उत्तर ठरलेलं, गर्दी ओसरू दे. गर्दी काही ओसरली नाही, आणि हळूहळू काकूंनी म्हणणंच सोडून दिलं. कधी सोडलं, ते काकांना त्या संध्याकाळी आठवेना.

पहिल्या बुधवारी काका सकाळी दहालाच तयार. "चल, कडा बघून येऊ." काकूंनी साडी बदलली, एक मोठी थोरली पिशवी खांद्याला लावली आणि स्कूटरवर मागे बसल्या.

मैदानात कंडक्टर ऐटीत फिरत होता. "काय शिट्टी, आज गिऱ्हाईक होऊन? तीन तास घे रे, ऐक माझं."

"मला शिकवतोस?" काकांनी टोपी सारखी केली आणि ठसक्यात बटण दाबलं. "एक तास पुरे."

पायऱ्या चढताना गुडघ्यांनी खूप बोलून घेतलं. शंभरीला बसले, दोनशेला बसले, तीनशेला काकूंनी हात धरला तो सोडलाच नाही. आणि मग टोक आलं.

वाऱ्याने काकांची टोपी उडता उडता राहिली. खाली खोरं पसरलं होतं, नदी, शेतं, पलीकडे डोंगरांच्या ओळी, एकामागे एक, तीन रांगांत नीट लावल्यासारख्या. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. एवढं सगळं डोक्यावर होतं आणि आपण लोकांच्या चपला बघत बसलो!

"ते बघा तुमचं मैदान," काकूंनी बोट दाखवलं. खाली खिडकीएवढा एक चौकोन दिसत होता. त्यात एक लाल गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध आडवी घुसत होती. काकांचा हात आपसूक गळ्याकडे गेला आणि त्यांनी सणसणीत शिट्टी फुंकली. खाली कंडक्टरचा ठिपका दचकून गोल फिरला. काकू पोट धरून हसल्या, तरुणपणी हसायच्या तशा, आणि काकांना वाटलं, हे हसू ऐकायला आपण केवढा उशीर केला.

मग जेवण झालं. मग झाडाखाली डुलकी. मग काकूंनी लग्नाआधीच्या गोष्टी काढल्या, ज्या काकांनी कधी ऐकल्या नव्हत्या, कारण ऐकायला ते घरी नसायचे. मग पुन्हा भूक लागली, तर पिशवीतून दुसरा डबा निघाला. मग चहाचा थर्मास. ऊन उतरलं, डोंगर जांभळे झाले, सूर्य बुडाला.

खाली आले तेव्हा स्कूटरच्या हँडलला दंडाची चिठ्ठी अडकवलेली होती. कंडक्टरने चिठ्ठीच्या कोपऱ्यात मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अंदाज एक तास, मुक्काम आठ तास.'

काका चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. "बावीस वर्षं झाली," ते म्हणाले, "इतका मोठा अंदाज कधी चुकला नव्हता."

"मला विचारायचं होतं," काकू म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"दोन वेळचं जेवण उगाच घेतलं का मी? आणि थर्मास? आणि अंधार पडेल म्हणून बॅटरी?"

"अगं, पण तुला कसं कळलं?"

"तुम्ही सकाळी चपला नाही, बूट घातलेत," काकू म्हणाल्या. "पोरीच्या लग्नातले. तेव्हाच म्हटलं, आज हा माणूस लवकर परतत नाही."

काकांनी खाली पाहिलं. खरंच, बूट होते. त्यांनी मुकाट्याने मशीनपाशी जाऊन दंड भरला, पावती नीट घडी करून काकूंच्या हातात दिली आणि स्कूटर काढली. काकू मागे बसल्या. मैदानाबाहेर पडताना त्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी आठ तासांचंच घ्या."