दूध पिणारं पाखरू आणि बघत बसलेला इलारी

मारामुरेशच्या डोंगरात मे महिन्यात मेंढ्या वरच्या कुरणावर निघतात, त्याआधी दूध मोजायचा दिवस असतो. आदल्या संध्याकाळी धनगर साऱ्या मेंढ्या पिळून कोरड्या करतात आणि एकाच वाड्यात कोंडतात. सकाळी ज्यानं त्यानं आपापल्या मेंढ्यांची धार काढायची. बादलीत खाचांची काठी उभी धरतात. दूध ज्या खाचेपर्यंत चढेल त्या हिशेबानं त्या घराला वर्षाचं चीज. मोजणी एकदाच. नंतर मेंढीनं दुधाची नदी वाहवली तरी उपयोग नाही.

इलारी पहाटेच कुंपणापाशी जाऊन बसला. त्याच्या मेंढ्या चार, पण दुधाची म्हणावी अशी एकटी बुकाला. बाकीच्या तिघी नुसत्या ओरडण्यापुरत्या. बायकोनं, पालागियानं, निघताना बजावलं होतं की आज तोंड बंद ठेवा आणि डोळे उघडे. बायकोचं इतकं तंतोतंत त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिथंच घात झाला.

बुकाला रवंथ करत बसली होती. तिच्या पाठीवर एक त्सार्का उतरली. काळी-पांढरी, लांब शेपटीची, कावळ्याच्या भाऊबंदांतली. गोचिड्या टिपायला ही पाखरं रोजच येतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण ही टुणकन खाली आली, मेंढीच्या मागच्या पायाशी गेली आणि चक्क सडाला चोच लावली. बुकालानं पाय सैल सोडला. पाखरानं मान वर करून घोट गिळला आणि पुन्हा वाकलं.

इलारीनं आजवर गावाला काय काय सांगितलं होतं. अस्वलाशी पत्ते खेळलो, गारपिटीत गारा झेलून घराची भिंत बांधली. त्यातलं एकही घडलेलं नव्हतं. आता हे त्याच्या डोळ्यांदेखत, अगदी फुकटात घडत होतं. पाखरू एक सड संपवून दुसऱ्याकडे वळलं. कुंपणावर टोपी आपटली असती तर भुर्रकन उडालं असतं. पण हा पठ्ठ्या मनातल्या मनात गोष्टीचं पहिलं वाक्य जुळवत होता.

मोजणीला दूध दुसऱ्या खाचेवरच अडलं. गेल्या वर्षी पाचवी ओलांडली होती. दोन खाचा म्हणजे नाताळपर्यंत मक्याच्या पिठाची कोरडी मामालिगा, आणि चीज फक्त पाहुण्यांपुरतं.

मग इलारीनं तोंड उघडलं. सांगता सांगता एका पाखराची तीन झाली. एक पिणारं, एक पहाऱ्यावर, एक मेंढीला थोपटणारं. वाडा हसून हसून वाकडा झाला. त्यांनी बादली घरूनच आणली होती का, असं शेजारच्या नुत्सूनं विचारलं.

मोठा धनगर ग्रिगा तेवढा हसला नाही. वाड्यात दुधाची नासाडी झाली तर ती त्याच्या माथी, आणि फेरमोजणी द्यायची की नाही तेही त्याच्याच हातात. पण एका थापेवर ती दिली, तर उद्या साऱ्या गावाचं दूध पाखरं पिणार. त्यानं हळूच विचारलं, "काका, तुम्ही तिथंच होतात ना? मग हाकललं का नाही?"

इलारीच्या जिभेवर सात उत्तरं होती, एकाहून एक शूर. त्याची नजर काठीवर गेली.

"बघत बसलो," तो म्हणाला. "पाखरू एकच होतं रे. जन्मात पहिल्यांदा काहीतरी खरं दिसलं, म्हटलं पुरतं बघून घेऊ."

ग्रिगानं दाढी खाजवली. "लहानपणापासून ऐकतोय. काकांच्या गोष्टीत काका कधी गाढव नसतात. आज आहेत. म्हणजे खरं असणार."

संध्याकाळी चारही मेंढ्या पुन्हा पिळल्या आणि बुकालाच्या सडांना कापडाची पिशवी बांधली. सकाळी दूध पाचव्या खाचेवर अर्धं बोट चढलं.

इलारी टोपी हवेत उडवत घरी आला. पालागिया मामालिगा घोटत होती. त्यानं सगळं सांगितलं, ग्रिगाचा निवाडा तर दोनदा.

"म्हणजे तुम्ही खरंच बघत बसला होता?" तिनं मागे न वळता विचारलं.

"अगदी खरं. ग्रिगा साक्षी आहे."

"काल हेच सांगितलंत, तेव्हा तुमची थाप समजून मी सोडून दिलं होतं," ती म्हणाली, आणि चीजचं ताट उचलून वरच्या फळीवर ठेवलं.