नयन काय म्हणते?

शुभदाताईंची स्कूटी तांड्याच्या शाळेत शिरली की पोरं खिडक्यांना लटकायची. ताई समुपदेशक; आर्णीहून दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यायच्या, तांदळाची पोती ठेवतात त्या खोलीत चटई अंथरायच्या, रंगखडू मांडायच्या आणि एकेका पोराशी निवांत बोलायच्या. मार नाही, गृहपाठ नाही, नुसतं बोलणं! आधी पोरांनी ठरवून टाकलं होतं की या डोक्याच्या डॉक्टर आहेत आणि आत जाईल तो येडा. पण भांडकुदळ शाम आत गेला आणि स्वतः काढलेला वाघ हातात घेऊन हसत बाहेर आला. मग काय, येडं व्हायला लाइनच लागली.

त्या लाइनीत दीपा कधीच नव्हती. यादी नीळकंठ सर करायचे. मारामारी करणारा, रडणारी, वर्गात झोपणारा, अशांची. दीपा यातलं काहीच करत नव्हती. ती पाचवीची मॉनिटर, हजेरी घेणारी, सर मीटिंगला गेले की पहिलीचा वर्ग सांभाळणारी. "आपल्या दीपाले काही टेन्शनच नाही," सर कौतुकानं सांगायचे. दीपा हसायची.

तिची याडी, म्हणजे आई, आणि बाप भावसिंग दिवाळी आटोपली की ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हं तापल्यावर परतायचे. तोवर दीपा काकाकडे. काकाचं घर कसं भरलेलं! नऊ माणसं, एक टीव्ही, सतत कोणी ना कोणी येणारं-जाणारं. तिला कोणी टाकून बोलत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त ती बोलायला लागली की नेमकं कोणाचं तरी काहीतरी काम निघायचं. संध्याकाळी ती ओट्यावर बसून मोठ्यानं पाढे म्हणायची. तेवढाच घरात आपलाही आवाज.

जानेवारीत पहिलीतल्या नयनचा भोंगा सुरू झाला. रोज प्रार्थना संपली की जी रडायची, ती सुट्टीपर्यंत. नयनला गोरबोलीशिवाय, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीशिवाय, काही येत नव्हतं आणि ती ना सरांना समजे, ना ताईंना. तांड्यातल्या साऱ्याच पोरांना गोरबोली यायची, पण भरवशाचं कोण?

"दीपा, तू बस मध्ये," सर म्हणाले. "ते काय म्हणते ते मॅडमले मराठीत सांग."

अशी दीपा पहिल्यांदा त्या चटईवर बसली. दुसरीचं रडणं घेऊन.

"तिला विचार, रडू कशाचं येतं?" ताई म्हणाल्या.

"कांई वेगो?" दीपानं नयनला विचारलं.

नयननं नाक पुसलं आणि भडाभडा सांगून टाकलं. सरांनी तिला दाराजवळून उठवून भिंतीशी बसवलं होतं. दारातून तिला बाभळीला बांधलेली तिची बकरी दिसायची. आता दिसत नाही. कोणी सोडून नेली तर?

एवढंच. एका वाक्याचं काम. दीपानं तोंड उघडलं आणि ताईंकडे पाहिलं. ताई पुढे वाकून वाट बघत होत्या. त्यांना कुठं जायचं नव्हतं, काही टाकायचं, उचलायचं, वाढायचं नव्हतं. इतकं रिकामं माणूस दीपानं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ते म्हणते," दीपा म्हणाली, "घरात लय माणसं आहेत. पण मले काही सांगाचं असलं, तर कोनीच रिकामं नसते."

ताईंनी हळूच मान हलवली. "आणखी विचार."

दीपानं नयनला बकरीचं नाव विचारलं. नयन खुलली. बकरीचं नाव, तिची दोन पिल्लं, त्यातलं एक कसं लंगडतं, हातवारे करून सगळं सांगू लागली.

"ते म्हणते, रविवारी याडीचा फोन येते. साऱ्याइचं बोलून झालं की मंग माही पाळी. तवा याडी म्हणते, मुकादम बोलावून राह्यला, ठेवते. मंग मी म्हणते, बरं आहे. तेवढ्या वेळात तेवढंच म्हणता येते."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी नयनला ओढून कुशीत घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. नयन खूश! तिला वाटलं, बकरीचं काम झालं. आणि दीपा हातभर अंतरावर बसून आपलं दुःख दुसरीच्या डोक्यावरून कुरवाळलं जाताना बघत राहिली.

"थँक्यू दीपा," ताई म्हणाल्या. "जा तू आता वर्गात."

पंधरा दिवसांनी ताईंनी नयनच्या घरून कोणाला तरी बोलावून घेतलं. आली ती तिची आईच, कापूस वेचणं सोडून, कमरेची ओटी तशीच.

"कोन सांगतलं वो मॅडम तुमाले? मी कुठी गेलती? रोज माह्या पोटाशी झोपते हे पोरगी! अन् रविवारचा फोन कायचा? आमच्या घरी फोनच नाही!"

सरांनी दीपाला हाक मारली. दारात पोरं गोळा झाली.

"दीपा, नयन काय म्हणे त्या दिवशी?"

"बकरी," दीपा म्हणाली. "बकरी दिसत नाही म्हणे."

"बकरीचा फोन येते काय बे रविवारी?" शाम ओरडला आणि पोरं खिदळली.

"माह्या पोरीच्या तोंडी असं काहून घालतं वं?" नयनची आई दीपावर कडाडली. "मी मेली काय?"

सर काही ओरडले नाहीत. "खोटं सांगतलं? तू?" एवढंच म्हणाले. त्यातलं ते 'तू' छडीपेक्षा जास्त लागलं.

ताईंनी नयनच्या आईची माफी मागितली, नयनला दाराशी बसवायला सरांना सांगितलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. दीपा पोत्यांच्या शिवणीकडे बघत उभी राहिली. आता रागावतील. मग या खोलीत पुन्हा कधीच येता येणार नाही.

ताईंनी वही उघडली. "हे मला एका मुलीनं सांगितलंय. मला तर खरं वाटतं. नाव तेवढं मी चुकीचं लिहिलं. कोणाचं लिहू?"

रोज खणखणीत आवाजात हजेरी घेणाऱ्या दीपाला आपलं एक नाव सांगता येईना.

मग ताईंनी चटईच्या रिकाम्या कोपऱ्यावर हात ठेवला. "बरं. ती इथं बसलीय असं समजू. मला तिची भाषा येत नाही. तू बस मध्ये."

दीपा बसली.

"तुला राग येतो का गं?" ताईंनी त्या रिकाम्या जागेला विचारलं.

दीपानं तिकडं पाहिलं. "येते म्हणते. पण दाखवाचा कोनाले?"

"रडतेस?"

"नाही म्हणते. रडली तर काकी म्हणन, आम्ही काय कमी केलं? अन् सर म्हणन, दीपाले काय झालं?"

नाव निसटलं. तिचं तिलाच ऐकू आलं. ताईंनी मात्र वर पाहिलंच नाही, तसंच पुढं विचारलं, "माझ्याकडून काय हवंय तुला?"

"यादीत नाव पाहिजे म्हणते. मारामारी न करता."

तेवढ्यात दारावर थाप पडली. "मॅडम, दीपाले पाठवा. पहिलीचा वर्ग मोकळा पडून राह्यला."

"थांबा सर. आमचं बोलणं चालू आहे."

सरांची पावलं दूर गेली. दीपा त्या रिकाम्या कोपऱ्याच्या जरा जवळ सरकली.

"आणखी आहे तिचं," ती हळूच म्हणाली. "लय आहे. सांगू?"

"सांग की."