पौडची नाचरी

मी करवत बोलतेय. सुताराच्या खांद्यावरून लोंबकळत जाते ती वेगळी, तिची नि माझी तुलना करू नका. मी ओतीव बिडाची, चार पायांवर उभी. माझ्या पोटाखाली पायटा, बाजूला भलंमोठं चाक. पायानं पायटा दाबला की चाक फिरतं आणि दोऱ्याएवढं बारीक पातं वरखाली नाचायला लागतं. लाकडात वेल, चांदण्या, डाळिंबाची फुलं कोरायची तर मीच हवी. पौडात मला सगळे नाचरी म्हणतात. मला ते नाव आवडतं, खोटं कशाला बोलू?

जन्म माझा विलायतेतला. बोटीतून आले आणि पुण्याच्या लष्कर भागात एका साहेबाच्या व्हरांड्यात राहिले. साहेबाला आठवडाभर माझं वेड होतं, मग त्यानं टेनिस धरलं. माणसांचं हे असंच! तो मायदेशी गेला तेव्हा मी जुन्या बाजारात येऊन पडले. तिथं चाँदभाई सुतार मला बघून रस्त्यातच थांबला. बैलगाडीत गवतावर निजवून त्यानं मला भुकूमवरून पौडला आणलं. वाटभर तो माझ्याशी बोलत होता. साहेब कधी बोलला नव्हता.

मग काय विचारता! दर मोहरमला पौडच्या ताबुताची लाकडी जाळी मी आणि चाँदभाईनं कापायची. मुठा गावापासून कासारसाईपर्यंतची माणसं ताबूत बघायला येत, आणि बघत काय, तर जाळी. शेवटच्या दिवशी तोच ताबूत मुळा नदीत थंड करायचा. पहिल्या वर्षी मला धक्काच बसला. एवढी मेहनत, आणि पाण्यात? चाँदभाई हसून म्हणाला, “अगं, पाण्यात गेली म्हणून तर फुडल्या साली नवी कापाय मिळती.”

आणि एका उन्हाळ्यात तो एका घराची कौलं शाकारताना खाली पडला. जीव वाचला, पण उजवा पाय कामातून गेला. काठी टेकत कसाबसा चालायला लागला तशी एकदा माझ्यापाशी बसून त्यानं डावा पाय चालवून पाहिला. तोल गेला, पाठीवर आपटला. उठला तो माझ्याकडे पाठ करूनच. “इका तिला,” बायकोला म्हणाला.

रहिमतबीनं मला विकलं नाही. पण घरात जागा कुठली? मी पडवीच्या कोपऱ्यात गेले. अंगावर पोती आली, गंज आला आणि कळस म्हणजे एक तांबडी कोंबडी माझ्या टेबलावर अंडी उबवायला बसली. विलायतेची मी, आणि कोंबडीचं खुराडं झाले! चाँदभाई दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसायचा. हसणं तर सोडाच, बोलणंही तुटलं होतं.

एकोणीसशे चोवीस साल उजाडलं. त्या साली मोहरम श्रावणात आला. ताबुताचा मानकरी गेणबा दारात येऊन म्हणाला, “चाँदभाई, दोन सालं उघडा ताबूत काढला. गावाला बरं दिसंना. औंदा जाळी पुण्यावनं आणतो. तुला वाईट वाटू नये म्हून सांगाय आलो.”

“आणा की,” चाँदभाई म्हणाला. तेवढंच. पण गेणबा गेल्यावर त्याचा भाकरीचा घास हातातच राहिला. रहिमतबीनं ते पाहिलं, मीही पाहिलं. एकदा पुण्याची जाळी आली की हा माणूस या भिंतीपासून पुन्हा उठायचा नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं. ती धावत गेली आणि गेणबाला रस्त्यात गाठून म्हणाली, “पुण्याला जाऊ नगा. जाळी हितंच हुईल.”

“कोण कापनार?”

“ते माझं मी बघते.” आणि बघायचं काय, तर तिला माझा एक खिळासुद्धा ठाऊक नव्हता!

शेजारचा बहिरू धनगर मदतीला आला. कोंबडीला हाकललं, तिनं शिव्याशाप दिलेच. विटकरीची पूड आणि घासलेट लावून दोघांनी मला घासायला घेतलं. अहाहा! गंज उतरत होता तसतशी मी मोकळी होत होते. चाकाचा पट्टा उंदरांनी खाल्लेला. बहिरूनं जुन्या मोटेच्या चामड्याची वादी कापून आणली. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं वाटीभर खोबरेल दिलं. “डोक्याला न्हाई, हिला लावा,” म्हणाली. मग माझ्या अंगावर मुंग्यांची जत्रा भरली, पण चाक फिरलं!

मेणकागदात गुंडाळलेली जुनी पाती पेटीत सापडली. पातं बसवलं बहिरूनं, मोठ्या ऐटीत. देवदारी फळी ठेवली, रहिमतबीनं पायटा दाबला आणि काय सांगू! फळी टणाटण उड्या मारायला लागली. बहिरूनं दाबून धरली तर पातं तुटलं. दुसरं बसवलं, तेही तुटलं. तिसरं बसवलं, पण चालवायचा धीर होईना. चूक मला कळत होती, पण मला तोंड कुठाय? चाँदभाई पाठमोरा बसला होता. प्रत्येक टणत्काराला त्याचे खांदे आखडत होते. तरी हा गडी वळेना! मला इतका राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी पौडात काही चिरायचं नाही, कापायचं नाही. रहिमतबीच्या घरातही विळी बंद, शेजाराचा सण तो आपला. बहिरू वारुळाला गेला, बायका झोक्यावर गेल्या. पडवीत मी आणि चाँदभाई, दोघंच.

मग त्यानं काठी घेतली आणि माझ्याकडे आला. आज त्याला कुणी “काप” म्हणणार नव्हतं, आज पडायची भीती नव्हती. नुसतं बघायला काय जातंय? त्यानं माझ्या चाकावरून हात फिरवला, वादी चाचपली, पात्यावर बोट ठेवलं. आणि एकदम असा हसला, असा हसला, की साळूबाईच्या दारातलं कुत्रं भुंकायला लागलं.

रहिमतबी झोक्यावरून पळत आली. “काय झालं वो?”

“अगं, दात वर करून बसवलंय की पातं! विळा हाय का ह्यो? दात खाली पायजेत. पातं खाली जाताना कापतं, फळीला टेबलाव दाबून धरतं. लाकूड उडंल न्हाईतर काय करंल?” डोळे पुसत तो पुन्हा हसायला लागला. ती मात्र हसता हसता रडायला लागली. तो आवाज तिनं दोन वर्षांनी ऐकला होता.

“उद्या बशिवता का नीट?” तिनं हळूच विचारलं.

त्यानं आपल्या उजव्या पायावर हात ठेवला. “पाय कुठनं आणू?”

“ह्यो काय,” असं म्हणून तिनं स्वतःचं पाऊल माझ्या पायट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. तो स्टुलावर, फळी त्याच्या हातात. ती बाजूला उभी, एक पाय पायट्यावर. आणि पहिला तास नुसतं भांडण!

“हळू! वळण आलं.”

“मग आधी सांगावं की मानसानं!”

“सांगतोय तर! आता पळीव.”

“मी काय घोडी हाय?”

पण दुपारपर्यंत त्याला सांगावं लागेना. वळण आलं की तिचा पाय आपसूक मंद व्हायचा, सरळ रेघ आली की झपझप पडायचा. इतकी वर्षं मला वाटायचं, जाळी हातानं होते. छे! भुसा उडत होता, पडवीत देवदाराचा वास भरला होता आणि माझं पातं नाचत होतं. मला इतका आनंद साहेबाच्या व्हरांड्यात कधी झाला नाही.

जाळी वेळेत झाली. शेवटच्या दिवशी ताबूत नदीला निघाला तो रिवाजाप्रमाणे आमच्या दाराशी थांबला. श्रावणातलं ऊन पडलं होतं, जाळीची फुलं भिंतीवर उमटली होती. गेणबा ओरडला, “बघा रं, चाँदभाईची जाळी!”

चाँदभाई काठीवर उभा राहिला. “हात माझा हाय,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “पन पाय रहिमतचा हाय. दोघांचं नाव घ्या.”

गर्दीत कुजबुज झाली. सुताराच्या हत्याराला बाईचा पाय? आणि मग बहिरूनं हलगीवर अशी थाप मारली की बोलायला जागाच उरली नाही. रहिमतबीनं पदरात तोंड लपवलं, पण तिचे डोळे मला दिसत होते.

जाळी मुळेच्या पाण्यात गेली. चाँदभाई घरी आला आणि थेट माझ्यापाशी बसला. माझा लाकडी पायटा त्यानं खोलायला घेतला. वर्षानुवर्षं त्याच्या पावलानं त्यावर खोलगट ठसा पडला होता. मी घाबरले, मोडतोय की काय मला! पण त्यानं नवी सागाची फळी काढली, रहिमतबीला समोर बसवलं आणि तिचं पाऊल फळीवर ठेवून पेन्सिलीनं कडा आखायला लागला.

आता मी रोज चालते. परवा साळूबाईच्या नातवाच्या पाळण्याला मोर कापले. तुम्ही पौडला आलात तर माझ्यापाशी जरूर थांबा. एवढंच मागणं, तेल द्यायचं तर खोबरेल नको, आणि तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी कोपऱ्यात पडली असेल तर तिच्यावरची कोंबडी आधी उठवा.

आणि हो, पाऊल आखताना रहिमतबीला गुदगुल्या होत होत्या. ती पाय मागे ओढायची, तो “हलू नगंस गं!” म्हणून पुन्हा धरायचा. ती रेघ वाकडीतिकडी आली. त्यानं ती सुधारली नाही, तशीच कापली.