गुलाबसिंगाला पाठवलेला कागद

माणूस तीस वर्षं कोर्टात कारकुनी करतो, तेव्हा कागदाशिवाय त्याच्या हातून काही म्हणजे काही होत नाही. नरहररावांचं तसंच झालं होतं. बायकोशी कुरबुर झाली तरी चिठ्ठी लिहून तिच्या उशाखाली ठेवणारे हे गृहस्थ! सुनीतीबाई चार वर्षांपूर्वी गेल्या आणि चिठ्ठी ठेवायलाही कोणी उरलं नाही.

उरला होता एकटा गुलाबसिंग. तो नदीपलीकडच्या बंजारा तांड्यावरचा. होळी होऊन मोह फुलला, की दर रविवारी सकाळी दोघं जांभूळडोहावर भेटायचे. नरहररावांकडे पितळी चरखीची विलायती काठी, गुलाबसिंगाकडे साधा बांबू, आणि मासा मात्र हटकून बांबूलाच. यावरून गुलाबसिंग त्यांना जे काही टोमणे मारायचा! दोस्ती सगळी पाण्यापुरती. गुलाबसिंगाचं शेत किती, लेकरं किती, हे यांनी नऊ वर्षांत विचारलं नाही आणि कोर्टात काय चालतं ते त्यानेही विचारलं नाही. बोलणं झालंच तर गळाला बेडकी लावायची की नाकतोडा, आणि मरळ कपारीत आहे की शेवाळाखाली, एवढंच. मोहाची फुलं पाण्यात पडली की वासाने मरळ झिंगते आणि वर येते, असं गुलाबसिंगाचं ठाम म्हणणं. खरंखोटं त्या मरळीला ठाऊक, पण यायची खरी.

एकसष्ट सालचा हा चैत्र नरहररावांचा तिथला शेवटचा. पेन्शनीचे कागद झाले होते, आणि लेक कुंदा त्यांना नागपूरला घेऊन जाणार होती. सोमवारची मोटार ठरलेली. गुलाबसिंगाला आपल्या तोंडाने निरोप सांगायचा आणि चरखीची काठी आपल्या हाताने त्याला द्यायची, एवढी एकच इच्छा त्यांनी मनात धरली होती. बाकी सामान म्हणजे दोन ट्रंका. त्यांचं काय एवढं!

पण होळीनंतर ते तापाने पडले आणि दोन रविवार हुकले. तो बिचारा वाट बघत बसेल म्हणून त्यांनी त्याला चार ओळींची चिठ्ठी लिहिली. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन त्याच बाजूला निघाला होता, त्याच्याजवळ दिली, आणि पोचवल्याचं त्याने परत येऊन सांगितलं. तिसऱ्या रविवारी अंगात जीव नसताना डोहावर गेले, तर गुलाबसिंग नाही. चौथ्या रविवारी नाही. पाचव्या रविवारी पाण्यावर मोहाच्या फुलांचा थर आला, कपारीशी मरळीने दोनदा पाणी फोडलं, पण नरहररावांनी गळाला आमिषसुद्धा लावलं नाही. जीवच लागेना. नऊ वर्षं शेजारी बसलेला माणूस चिठ्ठी पोचूनही येत नाही, म्हणजे काय समजायचं? त्यांना राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही बघायला तिथे कोणी नव्हतं.

सहावा रविवार शेवटचा. ते डोहावर थांबलेच नाहीत. काठी खांद्यावर टाकली, धोतर खोचलं आणि नदी ओलांडून दीड कोस चालत तांड्यावर गेले.

गुलाबसिंगाचं घर पोरांनी दाखवलं. त्याची बायको रामीबाई दारात मोह वाळत घालत होती. नरहररावांनी नाव सांगितलं मात्र, तिच्या हातातलं सूप खालीच आलं. घरधनी कुठे आहे म्हणून विचारलं, तर माहीत नाही म्हणाली. कधी येईल, तर तेही माहीत नाही. नरहरराव ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि आपण उद्या गाव सोडतोय हे सांगितलं. बाईने त्यांच्याकडे, मग काठीकडे बराच वेळ बघितलं. मग आत गेली आणि आढ्यात खोचलेला कागद घेऊन आली.

तिने सगळं सांगितलं. गेल्या साली घराला आढं नव्हतं म्हणून गुलाबसिंगाने सरकारी जंगलातलं एक सागाचं लाकूड चोरून आणलं होतं. तेव्हापासून पकडले जायची भीती होतीच. आणि बिल्लेवाला बेलिफ हा कागद घेऊन दारात उभा राहिला! कागदावर शिक्का. बेलिफाने सवयीने वहीवर तिचा अंगठाही घेतला आणि कागद कोणाचा ते न सांगताच पुढच्या गावाला निघून गेला. गुलाबसिंग त्याच पावली दिग्रसला गेला, आणि तिथे एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी उचलतोय. तांड्यात वाचणारं कोणी नाही, आणि बाहेर कोणाला दाखवायची छाती नाही.

“मग मला विचारायचं होतं,” नरहरराव म्हणाले. “नऊ वर्षांची ओळख आमची.”

“म्या म्हटलं होतं. तं थे म्हणाले, बाबू पाण्यावर आपला हाय, पण कोर्टात कोर्टाचाच. त्याले सांगू नको.”

नरहररावांनी कागद उलगडला. शिक्का होता खरा. बाद झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर खासगी चिठ्ठ्या लिहायची त्यांची जन्माची काटकसर! अक्षर त्यांचंच होतं.

“वाचा ना, बाबूजी. सजा किती हाय?”

त्यांनी वाचलं. “गुलाबसिंग, तापामुळे दोन रविवार चुकले. आता बरा आहे. मोह गळायला लागला असेल. रविवारी डोहावर ये. तुझ्याशिवाय मला करमत नाही.”

“अजून?”

“एवढंच. मीच लिहिलं होतं.”

संतापाने रामीबाईचा आवाज चढला. “एवढ्यासाठी माहा माणूस महिनाभर तोंड लपवून राह्यला? कागद कायले पाठवला? कोणाच्या तोंडी सांगता येत नव्हतं?”

नरहररावांनी मान खाली घातली. चूक झाली म्हणाले, माफ कर म्हणाले. काठी दाराशी टेकवली आणि ही गुलाबसिंगाची म्हणाले.

दिग्रसला माणूस धाडला तरी तो परत यायला तीन दिवस लागणार होते. मोटार उद्याच होती. हे तिलाही कळलं, आणि तिचा राग ओसरला. तिने कागद परत त्यांच्या हातात दिला. आणखी एकदा वाचा, सावकाश वाचा म्हणाली. थे आले की मले सांगता आलं पाह्यजे. त्यांनी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती.

ते उठले. तांड्याबाहेरच्या मोहाखाली आले तेव्हा मागून तिचा आवाज आला. मोह पसरता पसरता ती मोठ्याने पाठ करत होती.

“मोह गळून राह्यला अशीन. डोहावर ये. तुह्याबिगर मले करमत नाही.”

मग पुन्हा पहिल्यापासून. नरहरराव तिथेच थांबून ऐकत राहिले. हे शब्द त्यांचे होते, आणि आयुष्यात ते त्यांनी तोंडाने कधी कोणाला म्हटले नव्हते. सुनीतीलाही नाही.