यादीतलं पहिलं गाव

बायको नर्स. तीन वर्षं लांबच्या हॉस्पिटलात, आणि आमची पाच वर्षांची लेक माझ्यापाशी. यंदा बदलीचे अर्ज ऑनलाइन होते आणि तो फॉर्म खात्यासाठी मीच बनवला होता. जावईच फॉर्मवाला, आता कसली काळजी, असं सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. लेकीने तर कपाटातला खालचा खण आईसाठी रिकामा करून ठेवला.

बायकोने अर्ज भरला, यादीतून आमचं गाव निवडलं. शेवटच्या दिवशी मीच फोन केला, "एकदा उघडून बघ गं, सगळं बरोबर आहे ना. आणि खाली 'जतन करा' दाबायला विसरू नकोस."

आज ऑर्डर आली. यादीतलं पहिलं गाव. आत्ताच्यापेक्षाही लांब, पुन्हा तीन वर्षं.

सकाळपासून फॉर्म उघडत होतो, मिटत होतो. माझ्या टेबलावर तो अगदी शहाण्यासारखा वागत होता. शेवटी मुद्दाम नेट मंद केलं, तिच्या हॉस्पिटलात असतं तसं, आणि चोर सापडला. भरलेला अर्ज पुन्हा उघडला की निवडलेलं गाव चौकटीत आधी येत होतं, गावांची यादी मागून. रिकाम्या यादीत ते गाव कुठून सापडणार? चौकट ते टाकून द्यायची, आणि यादी आली की तिच्यातलं पहिलंच गाव धरून बसायची. अशात 'जतन करा' दाबलं की निवड गेली. अर्ज एकदा भरून जे विसरून गेले, त्यांचं काही बिघडलं नाही. काळजीने पुन्हा उघडून बघणारे तेवढे फसले. एकेचाळीस जण.

दोन ओळी वरखाली केल्या. आधी यादी, मग निवड. मिनिटसुद्धा लागलं नाही, याचीच जास्त लाज वाटली. साहेबांकडे धावलो.

"ऑर्डरींवर सह्या झाल्यात," ते म्हणाले. "आणि जतन त्यांनीच केलंय ना?"

मी हात टेकले. संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"नाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं, सगळं नीट वाचलं रे," ती म्हणाली. "गाव तेवढं नाही बघितलं. म्हटलं, फॉर्म तुझा आहे, ते कशाला चुकेल."