वाटीतली चिंच

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असं म्हणायला कुणाचं काय जातं! त्या छंदाचा पसारा आवरावा लागतो बायकोला. भिंगारच्या यज्ञेश्वररावांना जुनी नाणी जमवायचा नाद होता. नेवाशाच्या बाजारात भंगार विकणाऱ्या मोडवाल्यांच्या पोत्यांत हात घालून बसलेला, शर्टाला गंज लागलेला, तोंडावर समाधान ओसंडणारा गृहस्थ दिसला, की तो यज्ञेश्वररावच समजावा.

सून रुचा गरोदर राहिली तेव्हा त्यांच्या बायकोने, इंदूने, हद्द आखून दिली. ती माती गॅलरीतल्या टेबलावरच राहील, स्वयंपाकघरात येणार नाही. यज्ञेश्वररावांनी कबूल केलं, तेही रुचासमोर.

पण परवा छगन मोडवाल्याने एक नाणं हातावर ठेवलं आणि यज्ञेश्वररावांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

"काका, टेकाडापाशी गावलेलं हाय. लई जुनं. तांब्याचं हाय बगा, हिरवं पडलंय."

हिरवं होतं खरं. वर मातीचा जाड थर, आणि त्याखाली बोटाला काहीतरी उंचवटा लागत होता. असं नाणं साध्या शुद्ध पाण्यात घालून आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, ही शिस्त त्यांना पाठ होती. नव्या लोकांना ते ती बजावूनही सांगत. पण रविवारी नगरला संग्राहकांची बैठक होती आणि तिथल्या जाणत्या आप्पासाहेबांसमोर हे नाणं ठेवायचंच, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तांबं म्हटल्यावर घरात कोणता उपाय असतो? इंदू देवाचा तांब्या ज्याने घासते तोच. त्यांनी सकाळी गुपचूप स्टीलच्या वाटीत चिंच भिजवली, नाणं त्यात सोडलं आणि वाटी ओट्याच्या कोपऱ्यात, डब्याच्या आड सारली. गॅलरीत न्यायची होती, पण तिथे इंदू कपडे वाळत घालत होती.

जेवणाआधी त्यांनी नाणं काढून नळाखाली धरलं. माती सुटली आणि सोंड वर केलेला हत्ती दिसला. आनंदाने ते लहान मुलासारखे गॅलरीत पळाले, तासभर तो हत्ती न्याहाळत बसले आणि मग आप्पासाहेबांना फोन लावला. वाटी ओट्यावरच राहिली.

"रंग कसा आहे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

यज्ञेश्वररावांनी नाणं उन्हात धरलं. "करडा. तांबूस नाहीच. जडही आहे चांगलं."

"मग शिशाचं आहे हो! तांब्याच्या नाण्यांत पडून हिरवं झालं असेल. आंबटात नाही ना घातलंत? शिसं उतरतं त्यात. हात नीट धुवा, आणि ते पाणी कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. घरात पोटुशी सून आहे तुमच्या."

फोन तसाच टेबलावर टाकून यज्ञेश्वरराव आत धावले.

ओट्यावर वाटी नव्हती. म्हणजे होती, पण घासूनपुसून जाळीत पालथी घातलेली. आणि गॅसवर चिंच-गुळाची आमटी खदखदत होती. रुचा पळीने ती हलवत होती. उद्या तिचं डोहाळजेवण, परवा ती माहेरी श्रीरामपूरला जाणार. इतके दिवस तिला आंबटाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"आई कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"गजरे सांगायला बाजारात. येतीलच."

"ही चिंच... कुठली गं?"

"कुठली म्हणजे? घरातलीच, बाबा." रुचा हसली.

आता सरळ सांगावं की नाही? मुली, थांब, त्या चिंचेत मी शिसं भिजवलं होतं. एवढं एकच वाक्य. पण त्या वाक्याच्या मागे दिलेला शब्द होता, इंदूचं तोंड होतं, उद्या पुण्याहून येणारा मुलगा, गंधार, होता. शिवाय हिने ती चिंच घेतलीच असेल कशावरून? वाटी कुणीतरी ओतूनही दिली असेल. उगाच बोलून पोरीला घाबरवायचं कशाला? भित्र्या माणसाला असली शहाणपणाची कारणं पटापट सुचतात. यज्ञेश्वररावांना ओळीने सुचली.

रुचाने पळीभर आमटी वाटीत घेतली, फुंकर घातली आणि उभ्यानेच प्यायली. तिने डोळे मिटून घेतले. "मस्त झालीये. बाबा, तुम्हाला देऊ थोडी?"

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तिच्या पोटातलं ते बाळ, आणि तो हत्ती, आणि हे सगळं आपण केलं. रुचाने दुसऱ्यांदा पळी पातेल्यात घातली, तेव्हा मात्र त्यांनी पुढे होऊन हाताच्या धक्क्याने पातेलंच कलंडवलं.

आमटी ओट्यावरून त्यांच्या पावलावर सांडली.

"अगं बाई! बाबा, भाजलं ना? बसा, बसा इथे." रुचाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि एवढ्या पोटाने कशीबशी खाली वाकून ती त्यांच्या पायावर गार पाणी ओतू लागली. "आमटीचं काही नाही हो. पुन्हा करते मी."

ते त्यांना सोसवेना. पाय भाजल्यापेक्षा तिचं ते वाकणं जास्त झोंबलं. यज्ञेश्वरराव रडायलाच लागले, आणि रडता रडता त्यांनी सगळं सांगून टाकलं: नाणं, चिंच, शिसं, आप्पासाहेब.

रुचा ऐकत राहिली. तिचा हात आपसूक पोटावर गेला. ती तिथेच जमिनीवर बसली.

तेवढ्यात दार वाजलं आणि इंदू आत आली. सांडलेली आमटी, रडणारा नवरा, जमिनीवर बसलेली सून. "काय झालं?" तिने पिशवी तिथेच टाकली.

"त्या वाटीतली चिंच," यज्ञेश्वरराव कसेबसे म्हणाले. "ओट्यावरची. कोपऱ्यातली. ती आमटीत..."

"ती काळपट? ती कोण घालेल आमटीत? मला वाटलं, उरलेली शिळी आहे. उद्यासाठी देवाची भांडी घासली मी त्या चिंचेने." इंदूने देवघराकडे बोट दाखवलं. तांब्या, ताम्हण, पळी ओळीने लखलखत होती. "हिच्या आमटीसाठी मी दुसरी भिजवून ठेवली होती ना!"

यज्ञेश्वररावांनी डोळे मिटले. देवा! मग ते लंगडतच उठले, देवाची सगळी भांडी गोळा केली आणि नळाखाली साबणाने पुन्हा पुन्हा धुऊ लागले. इंदू मागून बोलत होती. काय बोलत होती ते त्यांना ऐकू येत नव्हतं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"बाबा," रुचा म्हणाली. ती भिंतीला धरून उभी राहिली होती. "मी पहिली वाटी प्यायले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

नळ वाहत होता. त्यांनी तो बंद केला.

"माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण भीती होती."

"आणि तुम्ही समोर उभे होतात."

यज्ञेश्वररावांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

जेवणं दही-भातावर झाली. संध्याकाळी यज्ञेश्वररावांनी नाणं, टेबलावरचे ब्रश, बाटल्या, सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि केल्यावर कुणी बरं केलंत असंही म्हटलं नाही. रुचा पलंगावर टेकून बसली होती. त्यांनी माठातलं पाणी भांड्यात घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे, बाळा."

एरवी ती त्यांच्याकडे बघत, बोलत बोलतच भांडं तोंडाला लावायची. आज तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, आत वाकून पाहिलं, आणि मगच प्यायली.