तीनशेचं कपाट

सुभाषरावांनी पुस्तकाच्या पाठीवर पेन्सिलीने ३०५ हा वर्गीकरणाचा आकडा लिहिला आणि समाजशास्त्राच्या कपाटाची किल्ली शोधायला खण उघडला. पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव होतं, मागे पत्ता: कर्नाळ्याखालची आदिवासी वाडी. पनवेलच्या वाचनालयात बावीस वर्षं वर्गीकरण केलेल्या माणसाला एवढं पुरतं.

लेखिका समोरच उभी होती. वीटभट्टीवर खाडा करून आली होती.

"म्हंजे माझं पुस्तक त्या कपाटात?"

"सामाजिक गट, त्यात आदिवासी. मानाची जागा आहे, चिंधीताई. संदर्भ विभाग."

"घरी नेता येतं?"

"संदर्भाची पुस्तकं बाहेर जात नाहीत."

"मग वाचतं कोन?"

सुभाषरावांनी कपाटाकडे पाहिलं. कुलपावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच होतं.

"सर, रहस्यकथा हाय ती. बेलपाड्यात बिल्डरचा खून होतो."

"खून? मग ३६४. गुन्हेगारी." त्यांनी आकडा खोडला.

"जमिनीपायी होतो."

"असं होय. मग ३३३."

"आनि मेलेला रोज साइटवर दिसतो."

"लोकसमजुती. ३९८." हा आकडा त्यांनी समाधानाने लिहिला.

"हे सगळे आकडे कुठल्या कपाटात?"

"त्याच."

चिंधीने भिंतीलगतच्या उघड्या मांडणीकडे बोट केलं. तिथे कादंबऱ्या होत्या, हाताळून कडा काळ्या झालेल्या.

"तिथं नाय बसत?"

"तुमच्याकडचं लेखन म्हणजे... अभ्यासाचं असतं."

"मी कसला अभ्यास नाय केला. मनानं बनवून लिवलंय सगळं." ती बाकावर जाऊन बसली. "एक पान वाचा. मी थांबते."

एका पानाने काय होणार, म्हणून सुभाषरावांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढली. दुपारी चहा आला, त्यावर साय धरली. कुणी वर्तमानपत्र मागितलं, त्यांनी मान न उचलता हात दाखवला.

पाच वाजता हेतलबेन आल्या. दर शनिवारी दोन पुस्तकं परत, दोन घरी.

"सुभाषभाई, नवीन मर्डर मिस्टरी आली काय? माझ्या सगळ्या वाचून झाल्या."

चिंधी बाकावर ताठ झाली.

सुभाषरावांनी पुस्तक हजेरीपटाखाली सरकवलं.

"नाही हो. सोमवारी बघा."

हेतलबेन गेल्या. चिंधी उठली, टेबलापाशी आली. काही बोलणार होती. मग तिचं लक्ष हजेरीपटाकडे गेलं. सुभाषरावांचा हात अजून त्याखालीच होता, बोट पानांत अडकवलेलं.

"कितव्या पानावर हाव?"

"चौसष्ट." त्यांनी आवाज खाली आणला. "खुनी तो वॉचमन नाही ना?"

चिंधीने टेबलावरचं खोडरबर उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.